विश्लेषण : हातातला राउटर अचानक का ‘पळतो’? सुतारकामातील या यंत्राचा धोका नेमका कुठे?

फर्निचरचे काम सुरू असलेल्या फ्लॅटमधून कर्कश शिट्टीसारखा आवाज येतो, तो बहुतेकदा राउटरचा किंवा त्याच्या धाकट्या भावाचा, म्हणजे ट्रिमरचा असतो. एकेकाळी कसलेल्या सुताराच्या हातीच दिसणारे हे यंत्र आता काही हजार रुपयांत घरपोच मिळते. त्यामुळे व्हिडीओ पाहून घरीच शेल्फ बनवणाऱ्या हौशी मंडळींच्या हातीही ते आले आहे. यंत्र मुठीत मावते म्हणून ते निरुपद्रवी वाटते, हीच खरी अडचण.

राउटर आणि ड्रिलमध्ये फरक काय?

सनमायकाच्या कडा साफ करणे, प्लायमध्ये खाच पाडणे, बिजागरीसाठी जागा कोरणे, टेबलाच्या कडेला गोलाई देणे ही राउटरची कामे. पूर्वी त्यासाठी पटाशी आणि वेगवेगळे रंधे लागत. ड्रिल लाकडात सरळ आत जाते, राउटर आडवा चालतो. त्यामुळे लाकडाचा सगळा विरोध बिटाला बाजूने बसतो आणि तो हातांनीच पेलावा लागतो. शिवाय साधे ड्रिल मिनिटाला सुमारे ३ हजार फेरे घेते, तर ट्रिमर ३० हजारांच्या घरात. काही बिनसले तर हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही.

मग राउटर कोणत्या दिशेने चालवायचा?

बहुतेक व्हिडीओंमध्ये हा मुद्दा अर्ध्या मिनिटात उरकला जातो. प्रत्यक्षात सर्वाधिक महत्त्वाचा तोच आहे. वरून पाहिले तर बिट घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरते. फळी टेबलावर समोर आहे आणि आपल्या बाजूची कड घासायची आहे, तर राउटर डावीकडून उजवीकडे न्यावा. अशा वेळी लाकूड राउटरला मागे ढकलते, आपण पुढे रेटतो आणि यंत्र ताब्यात राहते. उलट दिशेने नेले तर बिटाचे दाते लाकूड पकडून चाकासारखे धावू लागतात. राउटर हातातून पळतो तो असा.

चारही बाजू करायच्या असतील तर फळीच्या बाहेरच्या कडेने घड्याळाच्या उलट दिशेने फिरावे. सिंकसाठी कापलेल्या भोकाच्या आतल्या कडेने मात्र घड्याळाच्या दिशेने. अस्सल लाकडात रेषांना आडव्या असलेल्या कडा आधी घ्याव्यात, म्हणजे कोपऱ्यावर उडालेली ढलपी पुढच्या कडेबरोबर साफ होते. ढलप्या निघू नयेत म्हणून जाणते कारागीर कधीकधी मुद्दाम उलट्या दिशेने अगदी हलका हात मारतात. नवख्याने त्यांची नक्कल करू नये.

राउटर टेबलाखाली उलटा बसवला की दिशाही उलटते. तेव्हा फळी उजवीकडून डावीकडे सरकवायची.

वेग नेहमी पूर्ण ठेवावा का?

नाही. बिट जितके मोठे, तितके फेरे कमी. साधा हिशोब पाहा. ६ मिमी व्यासाचे बिट मिनिटाला ३० हजार फेरे घेते, तेव्हा त्याची धार ताशी साधारण ३४ किलोमीटर वेगाने फिरते. ५० मिमीचे बिट २४ हजारांवर चालवले, तर तीच धार ताशी सुमारे २२६ किलोमीटरवर पोहोचते. म्हणूनच एवढ्या मोठ्या बिटासाठी वेग १०-१२ हजारांवर आणावा लागतो. ज्या ट्रिमरला वेग कमी करण्याची चकती नाही, त्याला मोठे बिट लावूच नये. खोल खाच एका दमात काढण्याचा मोहही टाळावा. ६ मिमीच्या बिटाने एका वेळी ३ मिमी पुरे.

बिट बसवताना काय पाहावे?

आधी प्लग काढावा. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. बिटाची दांडी कॉलेटमध्ये पूर्ण घालून मग दोन-तीन मिमी वर ओढावी आणि पान्याने घट्ट करावी. आपल्या बाजारात ६ मिमी आणि पाव इंच अशा दोन्ही दांड्या मिळतात आणि नजरेला सारख्याच वाटतात. फरक ०.३५ मिमीचा. पाव इंचाच्या कॉलेटमध्ये ६ मिमीची दांडी आवळल्यासारखी वाटते, पण चालू कामात बिट सरकते किंवा निसटते.

वीज गेली तर?

आपल्याकडे हा प्रश्न विचारलाच पाहिजे. अनेक ट्रिमरचे सरकते बटण चालू स्थितीतच अडकून राहते. काम सुरू असताना वीज गेली, कारागीर यंत्र तसेच ठेवून चहाला गेला आणि वीज परतली, की ट्रिमर फरशीवर आपोआप सुरू होतो. वीज गेली की पहिले काम बटण बंद करण्याचे. प्लग नसलेल्या वायरची उघडी टोके काडी खोचून सॉकेटमध्ये अडकवण्याची साइटवरची पद्धत तर निव्वळ जिवाशी खेळ. बोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी असणे केव्हाही चांगले.

अंगावर काय असावे, काय नसावे?

चष्मा आणि कानाला संरक्षण हवेच. आवाज सहसा ९० डेसिबलच्या पुढे जातो. लाकडाची धूळ कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मान्य केले आहे, तेव्हा तोंडाला रुमाल न बांधता धुळीचा मास्क वापरावा. सैल हातमोजे, गळ्यातला गमछा, लोंबती ओढणी नको. फळी शिकंज्यात आवळावी, दोन्ही हात यंत्रावर ठेवावेत. बटण बंद केल्यावरही बिट काही क्षण फिरत राहते. ते थांबल्याशिवाय यंत्र खाली ठेवू नये.

बोट कापले गेले तर?

स्वच्छ कापडाने जखम घट्ट दाबून हात उंच धरावा. हळद, कॉफी पावडर असले काही भरू नये. बोट तुटून वेगळे झाले असेल, तर ते ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावे आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. बोट थेट बर्फावर ठेवल्यास ते पुन्हा जोडण्याची शक्यता कमी होते. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक लावावा आणि बोट तुटल्याचे फोनवरच सांगावे, म्हणजे ते जोडण्याची सोय कोणत्या रुग्णालयात आहे, हे लगेच विचारता येते.