पोट दिसण्याआधीच जागा हवी असते

मुंबईच्या लोकलमधल्या महिलांच्या डब्यात एक अलिखित कायदा चालतो. आत शिरलेली बाई बसलेल्या बायकांना विचारते, "कुठे उतरणार?" उत्तर 'घाटकोपर' आले की घाटकोपरला ती जागा तिची. नंतर येणारीने पुढची जागा शोधायची. तिघींच्या बाकावर चौथी टेकते, तीही ठरल्याप्रमाणे. या कायद्याला एक अपवाद बहुतेक सगळ्या जणी मानतात. पोट दिसू लागलेल्या गरोदर बाईला नंबर लावावा लागत नाही. रोजच्या गाडीतला ग्रुप असेल, तर सातव्या महिन्यात धावत्या लोकलमध्ये तिचे डोहाळजेवणही होते.

त्याच डब्यात दाराजवळच्या खांबाला धरून एखादी दोन महिन्यांची गरोदर बाई उभी असते. तिच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही, कारण लक्ष जावे असे काही दिसतच नाही. या दोघींपैकी उभे राहणे कोणाला जास्त जड जाते, असे विचारले तर बहुतेक जण पहिलीकडे बोट दाखवतील. शरीरशास्त्राचे उत्तर इतके सरळ नाही.

पहिल्या तीन महिन्यांतले शरीर

गर्भधारणा झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच प्रोजेस्टेरॉन आणि इतर संप्रेरकांमुळे रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल पडू लागतात. त्यामुळे रक्तदाब थोडा उतरतो आणि गरोदरपणाच्या मध्यापर्यंत तो कमीच राहतो. शरीरातले रक्ताचे प्रमाण पुढे ४० ते ५० टक्क्यांनी वाढणार असते, पण ही वाढ हळूहळू होते. म्हणजे नळ्या आधी रुंद होतात आणि त्या भरणारे पाणी मागून येते. हृदयाला मात्र सुरुवातीपासूनच जास्त काम करावे लागते.

अशा अवस्थेत एका जागी उभे राहिले की रक्त पायांच्या शिरांमध्ये साचते. चालताना पोटऱ्यांचे स्नायू ते वर ढकलतात. पण गर्दीच्या डब्यात पाय हलवायलाही जागा नसते. हृदयाकडे परत येणारे रक्त कमी झाले, की मेंदूचा पुरवठाही क्षणभर कमी पडतो. डोळ्यांपुढे अंधारी येते, कानात गुणगुणते, गार घाम फुटतो आणि भोवळ येते.

यात मळमळीची भर पडते. दर १० गरोदर स्त्रियांपैकी ७ ते ८ जणींना ती होते. साधारण सहाव्या आठवड्यापासून सुरू होते, नवव्या आठवड्याच्या आसपास सर्वाधिक असते आणि बहुतेकींची चौथ्या महिन्यात ओसरते. वास सहन होत नाहीत. सकाळची गाडी पकडण्यासाठी रिकाम्या पोटी निघालेल्या बाईला डब्यातला अत्तराचा, माशांचा किंवा गजऱ्याचा वासही पुरतो. त्यातच रक्तक्षय असतो. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतातल्या निम्म्याहून अधिक, म्हणजे ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असलेल्या बाईला तासभर उभे राहणे काय असते, हे तिच्या चेहऱ्यावरून ओळखता येतेच असे नाही.

गरोदरपणातली साधी भोवळ सहसा धोक्याची नसते. ती कुठे येते, हे महत्त्वाचे. घरात आली तर बाई पलंगावर बसते. धावत्या लोकलच्या दारात आली, तर जिवावर बेतते.

नेमक्या याच काळात ही गोष्ट गुप्त ठेवायची आपल्याकडे रीत आहे. 'तीन महिने होईपर्यंत कुणाला सांगू नये' असे घरातल्या मोठ्या बायका बजावतात. त्यामागे कारण आहे. बहुतेक गर्भपात पहिल्या बारा आठवड्यांत होतात आणि नंतर प्रत्येकाला उत्तर देत बसणे त्रासाचे असते. परिणाम असा की ज्या आठवड्यांत बसायला जागा लागते, त्याच आठवड्यांत ती मागता येत नाही.

पोट दिसू लागल्यावर

चौथ्या-पाचव्या महिन्यात बऱ्याच जणींना बरे वाटते. नंतर वेगळ्या अडचणी सुरू होतात. शरीराचा तोल पुढे झुकतो आणि सांधे बांधून ठेवणारे अस्थिबंध सैल होतात, त्यामुळे एसटीने अचानक ब्रेक मारला की सावरणे कठीण जाते. वाढलेले गर्भाशय पोटातल्या मोठ्या शिरेवर दाब देते. पाय सुजतात, शिरा फुगतात. लघवीला वारंवार जावे लागते आणि वाटेत स्वच्छ स्वच्छतागृह मिळेलच याची खात्री नसल्याने अनेक जणी प्रवासाच्या दिवशी पाणीच पीत नाहीत. त्यातून मूत्रमार्गाचा संसर्ग होऊ शकतो आणि पाणी कमी पडल्याने भोवळही लवकर येते.

धक्क्याबाबतही स्पष्टता हवी. पहिल्या बारा आठवड्यांत गर्भाशय कमरेच्या हाडांच्या आत असते, त्यामुळे कोपर लागला म्हणून गर्भाला इजा होत नाही. त्यानंतर गर्भाशय वर येते. पाचव्या महिन्यानंतर पडल्यास किंवा पोटावर जोराचा मार बसल्यास वार गर्भाशयापासून सुटण्याचा धोका असतो, तोही बाहेर खरचटलेले नसताना. पोट दुखणे किंवा दगडासारखे घट्ट होणे, रक्त किंवा पाणी जाणे, बाळाची हालचाल कमी वाटणे यांपैकी काहीही झाले तर लगेच रुग्णालय गाठावे. यांपैकी काहीच नसले तरी मार जोराचा असेल, तर काही तास देखरेखीखाली राहणे योग्य. रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल, तर तो डॉक्टरांना आवर्जून सांगावा. अशा वेळी अँटी-डी इंजेक्शन शक्यतो ७२ तासांच्या आत द्यावे लागते.

प्रवासाने गर्भपात होतो का?

गर्भपात झालेल्या बाईला घरी पहिला प्रश्न विचारला जातो, "रोज गाडीतून धक्के खात जात होतीस ना?" बऱ्याचदा नोकरी सोडण्याचा सल्लाही तिथूनच सुरू होतो. वस्तुस्थिती अशी आहे की पहिल्या तीन महिन्यांतल्या गर्भपातांपैकी निम्म्याच्या आसपास गर्भपात गुणसूत्रांतल्या दोषांमुळे होतात. हे दोष गर्भधारणेच्या वेळीच ठरलेले असतात. बसच्या खड्ड्यांनी किंवा लोकलच्या गर्दीने निरोगी गर्भ 'पडत' नाही. रोज बराच वेळ उभे राहण्याचा आणि अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीचा थोडा संबंध काही अभ्यासांत दिसला आहे. तो घाबरून जाण्याइतका नाही, पण बसायला मिळावे असे म्हणण्याइतका आहे. रक्तस्राव होत असेल, वार खाली असेल, गर्भाशयाच्या तोंडाला टाका घातला असेल, रक्तदाब वाढलेला असेल किंवा आधीची प्रसूती अपुऱ्या दिवसांत झाली असेल, तर रोजच्या प्रवासाविषयी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. बाकीच्या स्त्रियांनी प्रवास बंद करण्याचे कारण नाही.

लोक उठत का नाहीत?

गरोदर बाई समोर उभी असताना कुणी उठत नाही, याचा अर्थ सगळे निर्दयी असतात असा नव्हे. १९६८ मध्ये जॉन डार्ली आणि बिब लाताने या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगातून दाखवले की आसपास माणसे जितकी जास्त, तितकी एकेकाने पुढे होण्याची शक्यता कमी. प्रत्येकाला वाटते, दुसरा कुणीतरी उठेल. त्यात मोबाइलमध्ये घातलेले डोके. शिवाय एक भीती असते. गरोदर समजून जागा दिली आणि ती गरोदर नसली, तर? त्या अवघडलेपणापेक्षा न पाहिल्यासारखे करणे सोपे वाटते.

बसलेल्या बाईचाही विचार करायला हवा. तीही पहाटे चारला उठून डबे करून निघालेली असते. तिची पाळी सुरू असेल, कंबर धरली असेल किंवा तिलाही दुसरा महिना असेल. 'आम्ही नाही का नवव्या महिन्यापर्यंत उभ्याने गेलो?' हा टोमणा बोचतो, पण तो बहुधा स्वतःला कधी जागा न मिळालेल्या बाईच्या तोंडून येतो.

मागितले तर काय होते? १९७०च्या दशकात स्टॅन्ली मिलग्रम यांनी आपल्या विद्यार्थ्यांना न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत पाठवले. धडधाकट विद्यार्थ्यांनी कोणतेही कारण न देता बसलेल्या प्रवाशाला इतकेच विचारायचे, 'तुमची जागा मला मिळेल का?' सुमारे ६८ टक्के वेळा जागा मिळाली. कोणी उठून दिली, कोणी सरकून. त्याहून लक्षात राहावे असे विचारणाऱ्यांचे झाले. शब्द घशात अडकत आणि पोटात गोळा येई. खुद्द मिलग्रम यांनाही तोच अनुभव आला. अनोळखी माणसाकडे जागा मागणे इतके अवघड असते, मग मळमळ दाबत उभी असलेली आणि बातमी लपवणारी बाई गप्प राहते यात नवल नाही.

हे अवघडलेपण कमी करण्यासाठी काही देशांनी खुणा शोधल्या. लंडनमध्ये २००५ पासून गरोदर स्त्रियांना 'बेबी ऑन बोर्ड' असे लिहिलेला बिल्ला मोफत मिळतो. जपानच्या आरोग्य मंत्रालयाने २००६ मध्ये अशीच खूण ठरवली. पोट दिसत नसतानाही ती पर्सला लावता येते. दक्षिण कोरियातल्या बुसान शहरात २०१६ मध्ये एक प्रयोग झाला. गरोदर प्रवासी जवळ आली, की तिच्याकडच्या छोट्या उपकरणामुळे राखीव जागेजवळचा गुलाबी दिवा लागे. न बोलता, पोट न दाखवता गरज कळावी, हा या सगळ्यांचा उद्देश.

आपल्याकडे असा बिल्ला रुळलेला नाही. मुंबईच्या लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यातून गरोदर स्त्रियांना प्रवासाची मुभा आहे, पण अनेकींना ती माहीत नसते. सुरुवातीच्या महिन्यांत तिथेही 'तुम्हाला काय झालंय?' असा प्रश्न येऊ शकतो. १९६१च्या मातृत्व लाभ कायद्याने 'बराच वेळ उभे राहण्याच्या' कामाचा विचार केला. गरोदर स्त्रीने विनंती केल्यास असे काम तिला देऊ नये, असे त्यात म्हटले. पण त्यासाठी धरलेला काळ प्रसूतीच्या आधीचे साधारण अडीच महिने. तिथेही पोट दिसू लागल्यानंतरचेच दिवस मोजले गेले. घर ते ऑफिस दीड तास उभे राहणे तर कुठल्याच हिशेबात येत नाही.

काय करता येईल?

गरोदर स्त्रीने निघण्यापूर्वी थोडे खावे. बिस्किट, कुरमुरे, चणे असे काहीतरी पर्समध्ये ठेवावे. पाणी प्यावे. उभे राहावे लागले तर टाचा वर-खाली करत राहाव्यात आणि दारापासून आत सरकावे. जागा मागताना सगळ्या डब्याला उद्देशून बोलण्यापेक्षा एकीकडे पाहून थेट विचारावे, "मला चक्कर येतेय, थोडा वेळ बसू का?" गरोदर असल्याचे सांगायलाच हवे असे नाही. एकीने नाही म्हटले तर दुसरीला विचारावे. एसटीत किंवा बसमध्ये कंडक्टरला सांगितले तर त्याचा एक आवाज पुरतो. मागच्या चाकांवरच्या आणि शेवटच्या बाकांवर धक्के जास्त बसतात, त्या जागा टाळाव्यात. लांबच्या प्रवासात दर दीड-दोन तासांनी पाय मोकळे करावेत, कारण गरोदरपणात पायाच्या शिरांत गुठळी होण्याचा धोका वाढतो. नोंदणीच्या वेळी मिळालेले माता-बाल संरक्षण कार्ड सोबत असावे. रक्तगट, हिमोग्लोबिन, प्रसूतीची तारीख सगळे त्यावर असते.

ऑफिसात वरिष्ठांना विश्वासात घेऊन पहिल्या तीन महिन्यांत येण्याची वेळ तासभर पुढे-मागे करून घेता आली, तर अर्धा प्रश्न सुटतो. हे घरच्यांनीही सुचवावे. नोकरी सोडण्याच्या सल्ल्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त.

सहप्रवाशांसाठी एवढेच, की कारण विचारू नये. कुणी घामाघूम दिसली, तोंडाला रुमाल लावून उभी असली, तर "बसा, मी उतरणारच आहे" म्हणून उठावे. ती गरोदर नसली तरी कुणाचे काही बिघडत नाही. ज्यांना उठणे शक्य नाही त्यांनी शेजारणीला सांगावे किंवा निदान तिची पर्स मांडीवर घ्यावी.

अंधारी आली तर गरोदर बाईने लाज न बाळगता तिथेच खाली बसावे. पडण्यापेक्षा डब्याच्या फरशीवर बसणे केव्हाही बरे. शुद्ध हरपली तर इतरांनी घोळका न करता हवा येऊ द्यावी, तिला डाव्या कुशीवर आडवे करून पायांखाली पर्स ठेवावी. शुद्ध येईपर्यंत तोंडात पाणी घालू नये. मिनिटभरात शुद्धीवर आली नाही, झटके आले, रक्तस्राव किंवा पोटदुखी असली, तर रेल्वेत १३९ आणि बाहेर १०८ या क्रमांकावर मदत मागावी. ती सावरली, तरी पुढच्या गाडीने कामावर पोहोचण्याची घाई तिने करू नये. रक्तदाब आणि हिमोग्लोबिन त्याच दिवशी तपासून घ्यावे.