विश्लेषण : शिकारी ‘कारवानी’ कुत्रा शहरातल्या घरात रमतो का?

लांब पाय, खोल छाती, आत ओढलेले पोट. दख्खनच्या पठारावर सशामागे धावण्यासाठी घडलेला कारवानी कुत्रा पाहताक्षणी आवडतो. छत्रपती संभाजीनगरच्या सदनिकेत तो आणायचा असेल, तर आधी त्याच्या धावण्याची सोय बघावी लागते.

नाव कारवानी की मुधोळ?

मराठवाडा, पश्चिम महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकातला हा कुत्रा गावोगावी ‘कारवानी’ म्हणून ओळखला जातो. मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी ही जात जोपासली आणि ‘मुधोळ हाउंड’ हे नाव रूढ झाले. टपाल खात्याने २००५ मध्ये त्याच्यावर तिकीट काढले. २०१६ मध्ये लष्कराने या जातीची पिल्ले प्रशिक्षणासाठी मेरठला नेली.

हाक मारली तरी तो थांबत का नाही?

बीगल वासावर चालतो, कारवानी नजरेवर. लांबवर काही हलले, मांजर पळाले, की तो सुटतो. मग मालकाची हाक त्याच्या कानापर्यंत पोहोचत नाही. हा हट्टीपणा नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या याच गुणासाठी त्याची पैदास झाली आहे. म्हणून बीड बायपाससारख्या रस्त्यालगत त्याला मोकळे सोडणे म्हणजे अपघाताला आमंत्रण. धावायला चारही बाजूंनी बंद मैदान हवे. डोके निमुळते असल्याने साधा पट्टा मानेतून सहज निसटतो, त्यासाठी रुंद पट्टा घ्यावा. शहराबाहेर ससा किंवा काळवीट दिसले आणि कुत्रा मागे लागला, तर गंमत म्हणून बघत राहू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार शिकारीला बंदी आहे.

घरात तो कसा वागतो?

अगदी शांत. मनसोक्त धावून आला की तासन्‌तास पडून राहतो. घरच्यांना बिलगतो, पाहुण्यांपासून चार हात दूर. आरडाओरडा केला, मारले, तर बुजतो. धावायला मिळाले नाही, तर मात्र चपला, गादी, दाराची चौकट काहीच शिल्लक ठेवत नाही.

मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो. डांबर तापण्याआधी, पहाटेच त्याला बाहेर काढावे. रोज पहाटे उठणार कोण, हे पिल्लू आणण्याआधी घरात ठरवलेले बरे. अंगावर चरबी आणि केस दोन्ही कमी, त्यामुळे डिसेंबरात त्याला गोधडी लागते. शस्त्रक्रियेची वेळ आली, तर ही जात पशुवैद्यकाला आवर्जून सांगावी. अशा सडपातळ शिकारी कुत्र्यांना भुलीची काही औषधे जड जातात.

बांधून ठेवले तर?

पिल्लू मोठे झाले, आवरेना झाले, की गॅलरीतली साखळी येते. नेहमी बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणे, ही १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात क्रूरता ठरते. कंटाळून त्याला रस्त्यावर सोडून देणे, हाही त्याच कायद्याने गुन्हा आहे.