राजधानीपासून किती लांब?

गवताळ जमिनीत पाट काढला की धान्य वाढायला हवं. सिड मायर आणि ब्रूस शेली यांनी १९९१ साली तयार केलेल्या ‘सिव्हिलायझेशन’ या कॉम्प्युटर गेममध्ये सुरुवातीला ते वाढतच नाही. नकाशावरच्या अशा एका चौकोनातून धान्याचे दोन दाणे निघतात. पाणी दिल्यावर तीन व्हायला हवेत, पण पदरात दोनच पडतात. कारण तुमच्या देशात हुकूमशाही असते आणि तिचा नियमच असा, की एखाद्या चौकोनातून कुठलीही गोष्ट दोनपेक्षा जास्त निघाली तर त्यातली एक वजा. ती कुणी नेली हे गेम सांगत नाही. पुढे राजेशाहीचा शोध लागतो, तुम्ही राज्यपद्धती बदलता आणि त्याच पाटाच्या पाण्यावर तीन दाणे येऊ लागतात. पाऊस तोच आणि माणसंही तीच!

ज्यांनी हा गेम पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: इसवी सनपूर्व ४००० मध्ये एक गाव वसवून सुरुवात करायची आणि एकेक टर्न खेळत अंतराळयुगापर्यंत पोचायचं. वाटेत हुकूमशाही, राजेशाही, गणराज्य, साम्यवाद, लोकशाही यांतून निवड करायची. एकातून दुसरीत जाताना मध्ये काही टर्न अराजक सोसावं लागतं. न्याय, स्वातंत्र्य यांवर तुमची परीक्षा कुणी घेत नाही. सगळं राज्यशास्त्र बेरीज-वजाबाकीत बसवलेलं आहे. आणि थक्क करणारी गोष्ट म्हणजे ते बसतं.

भ्रष्टाचाराचंच पाहा. शहर राजधानीपासून जितकं लांब, तितकी त्याच्या व्यापारातली गळती मोठी. शहरात न्यायालय बांधलं की ती निम्मी होते. साम्राज्य पसरलं की कडेची शहरं नावापुरती तुमची उरतात, तिजोरीत त्यांचं काही येत नाही. यावर एक जुना उपाय गेममध्येही आहे: राजवाडा मध्यावरच्या शहरात नव्याने बांधायचा, म्हणजे राजधानी तिकडे गेली. महंमद तुघलकाने चौदाव्या शतकात दिल्ली सोडून देवगिरीला दौलताबाद केलं, त्यामागे दक्षिणेवर पकड ठेवण्याचा हिशेब होता. आपण त्याला वेड्यात काढत आलो. हा गेम खेळणारा मात्र कधी ना कधी तेच करतो. दुसरा उपाय साम्यवाद. त्यात प्रत्येक शहर राजधानीपासून सारख्याच अंतरावर आहे असं धरलं जातं, म्हणजे गळती सगळीकडे सारखी. विस्तीर्ण देशाला तो परवडतो, आटोपशीर देशाला महाग पडतो. आणि लोकशाहीत? भ्रष्टाचार शून्य. भारतीय खेळाडू इथे हसतो आणि पुढे खेळतो.

लोकशाहीची खरी गंमत तिच्या अडचणींत आहे. व्यापार भरभरून येतो, त्यातून विज्ञान धावतं. पण सैन्याची एक तुकडी परमुलखात पाठवली की ती ज्या शहराची, तिथले दोन नागरिक नाराज होतात. गणराज्यात एक होतो, राजेशाहीत कुणीच नाही. नाराजी वाढून शहरात दंगल पेटली आणि ती लगेच शमली नाही तर सरकारच कोसळतं, पुन्हा अराजक. त्यात शत्रू तहाची बोलणी घेऊन आला की आपली सिनेट आपल्याला न विचारता तह मान्य करते. जिंकत आलेलं युद्ध हातातून जाताना खेळाडू चरफडतो. लोकप्रतिनिधींनी आपल्याला अडवलं याचा असा मनापासून राग यायला माणूस आधी मनाने राजा झालेला असावा लागतो. नागरिकशास्त्राच्या धड्यातून सत्तेचं विभाजन इतकं अंगाला लागत नाही.

राज्यपद्धती म्हणजे वजाबाकी, ही कल्पना खेळणाऱ्यांच्या डोक्यात इतकी भिनली की त्यातून एक दंतकथा निघाली. या गेममध्ये भारताचे नेते गांधी. म्हणे त्यांच्या आक्रमकतेचा आकडा सर्वांत कमी, १ होता. लोकशाही स्वीकारल्यावर त्यातून २ वजा झाले, कॉम्प्युटरला उणे आकडा मांडता येईना म्हणून तो फिरून २५५ झाला आणि गांधी अणुबॉम्ब टाकत सुटले. कथा सुरेख आहे, पण खोटी. असा दोष त्या प्रोग्रॅममध्ये नव्हताच, असं खुद्द मायर यांनी २०२० साली आपल्या आठवणींत लिहिलं. २०१० सालच्या पाचव्या आवृत्तीतल्या गांधींना मात्र अण्वस्त्रांची ओढ मुद्दाम, थट्टा म्हणून दिली होती.

२००५ सालच्या चौथ्या आवृत्तीने एकसंध राज्यपद्धती मोडून तिचे पाच कप्पे केले: शासन, कायदा, श्रम, अर्थव्यवस्था, धर्म. श्रमाच्या कप्प्यात गुलामगिरी आहे, वेठबिगारी आहे आणि चक्क जातिव्यवस्थाही आहे! ती निवडली की शहरात हवे तितके विद्वान, व्यापारी, कलावंत नेमता येतात. फुले-आंबेडकर वाचलेल्याला हे बोचतं. विद्वानांची मोजदाद दिसते, पाणवठ्यावरून हाकलल्यांची दिसत नाही. हा गेम जग फक्त राजवाड्याच्या सज्जातून मोजतो, ही त्याची मर्यादा. तरी त्याच कप्प्यातला शेवटचा पर्याय, दास्यमुक्ती, मला सगळ्या गेममधली सर्वांत शहाणी कल्पना वाटते: शेजारच्या देशांनी ती स्वीकारली की न स्वीकारणाऱ्या देशातली माणसं असंतुष्ट होऊ लागतात. सरहद्दीवर पहारे कितीही ठेवा, वार्ता आत येतेच.

हे सगळं हाताळून पाहायला पैसे मोजायलाच हवेत असं नाही. डेन्मार्कमधल्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेला ‘फ्रीसिव्ह’ हा याच धर्तीचा गेम फुकट मिळतो आणि त्याचे नियम साध्या मजकुराच्या फाइलींत असतात. त्या उघडा आणि लोकशाहीत भ्रष्टाचार किती असावा, तो आकडा तुमचा तुम्ही घाला.