कावेरीकाठची समाधी आणि नागरत्नम्मा

मैत्रिणींनो, रामेश्वरची यात्रा करून येताना तंजावरचं बृहदीश्वर आपण पाहतोच. तिथून १२-१३ किलोमीटरवर, कावेरीकाठी तिरुवैयारू आहे. तेही चुकवू नका. कर्नाटक संगीतातले थोर रचनाकार त्यागराज (१७६७-१८४७) इथंच राहिले. तंजावरच्या मराठी दरबाराचं बोलावणं त्यांनी नाकारलं, असं सांगतात. त्यांच्या बहुतेक कृती तेलुगूत. आपल्या देगलूर-बिलोलीकडच्या भगिनींना त्यातले पुष्कळ शब्द ओळखीचे वाटतील.

पण मला सांगायचंय ते बंगळूर नागरत्नम्मांबद्दल. समाधीची दुरवस्था कळताच देवदासी कुळातल्या या गायिकेनं स्वतःची पुंजी खर्चून तिथं जागा घेतली, मंदिर उभारलं. १९२०च्या दशकात ते पुरं झालं. आणि गंमत पाहा, तिथल्या आराधनेत बायकांनी गायचं नाही! नागरत्नम्मा रुसून घरी बसल्या नाहीत. त्यांनी समाधीच्या मागच्या बाजूला बायकांची वेगळी आराधना सुरू केली. अखेर १९४०च्या सुमारास सगळे एकत्र आले.

आज पौष वद्य पंचमीला स्त्री-पुरुष शेजारी बसून पंचरत्न कृती गातात. १९५२ साली नागरत्नम्मा गेल्या; त्यांचीही समाधी तिथंच, त्यागराजांच्या समोर आहे.

लेकीला गाण्याच्या क्लासला घालाल, तेव्हा तिला ही गोष्ट जरूर सांगा.