पाठीवरच्या ओझ्याचे गणित

पावसाळा संपून सह्याद्रीच्या वाटा मोकळ्या झाल्या, की शाळा-महाविद्यालयांतील मुलामुलींचे गट पाठपिशव्या बांधून डोंगरांकडे निघतात. सहल एका दिवसाची असेल, तर पिशवीत काय भरले याला फारसे महत्त्व नसते. परंतु भंडारदऱ्याहून निघून रतनगड, कात्राबाईची खिंड आणि हरिश्चंद्रगड असा तीनचार दिवसांचा पल्ला पायी गाठायचा असेल, तर पिशवीचे वजन हा मोठा प्रश्न होऊन बसतो. त्याचे उत्तर शोधायला आपल्या शालेय पदार्थविज्ञानाची चांगली मदत होते. कशी, ते पाहू या.

समजा, तुमचे वजन ५० किलोग्रॅम आहे. तुमच्या पिशवीचे वजन १५ किलो, तर तुमच्या मित्राच्या पिशवीचे ८ किलो. दोघांनाही ६०० मीटर उंच चढायचे आहे. तुमच्या पाठीवरचे जादा ७ किलो वर नेण्यासाठी किती कार्य करावे लागेल? वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले उंची, म्हणजे ७ × ९.८ × ६०० = ४१,१६० ज्यूल. आपले स्नायू अन्नातील ऊर्जेचा साधारण चौथा हिस्साच कार्यात रूपांतरित करू शकतात. उरलेल्या ऊर्जेची उष्णता होते. तेव्हा अन्नातून सुमारे १,६५,००० ज्यूल, म्हणजे ३९ किलोकॅलरी खर्च होतील. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांतून सुमारे ५७० किलोकॅलरी मिळतात. म्हणजे या जादा ओझ्यासाठी लागले किती शेंगदाणे? अवघे सात ग्रॅम!

मग सात किलोंचा एवढा बाऊ का करायचा? चार शेंगदाणे जास्त खाल्ले की काम भागले, असे कोणी म्हणेल. गणित बरोबर आहे, पण आपण प्रश्नच अपुरा विचारला. किती ऊर्जा लागली एवढेच पाहून भागत नाही. ती किती वेळात पुरवायची आणि ओझ्याचे बल शरीरात कोठे व कसे पडते, हेही पाहिले पाहिजे.

वेळ, गुडघे आणि तोल

प्रथम वेळेचे पाहू. माणूस दीर्घकाळ ज्या दराने काम करू शकतो, त्या दराला मर्यादा आहे. या दरालाच आपण शक्ती म्हणतो. तुमच्या मित्राचे वजनही ५० किलोच आहे असे धरू. तो पिशवीसह ५८ किलो वजन घेऊन ६०० मीटरांचा चढ दोन तासांत चढला, तर त्याने सुमारे ४७ वॅट शक्ती वापरली. तितक्याच शक्तीने तुम्हाला ६५ किलो चढवायचे असतील, तर १३४ मिनिटे लागतील. एका चढात चौदा मिनिटांचा फरक. दिवसात असे दोन चढ आले, वर थकव्यामुळे विश्रांती वाढली, की तासाभराची तफावत सहज पडते. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. कड्यालगतची वाट उजेडात ओलांडायची की अंधारात चाचपडत, हे या एका तासावर ठरू शकते.

दुसरी गोष्ट गुडघ्यांची. पायऱ्या उतरताना गुडघ्याच्या सांध्यावर येणारे बल शरीराच्या वजनाच्या सुमारे तिप्पट असते, किंबहुना काहीसे अधिकच. तेव्हा पाठीवर वाढलेले ७ किलो गुडघ्याला २१ किलोंसारखे जाणवतात. ६०० मीटरांची उतरण वीस वीस सेंटिमीटरांच्या पावलांनी उतरली, तर पावले होतात तीन हजार. तेवढ्या वेळा हा मार बसतो. गिर्यारोहणात चढणीवर दम लागतो आणि उतरणीवर गुडघे दुखतात, त्याचे हे कारण.

तिसरी गोष्ट तोलाची. उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य दोन्ही पावलांच्या मधल्या जागेवर असावा लागतो. पाठीवर ओझे आले की तो मागे सरकतो, म्हणून आपण नकळत पुढे वाकतो. पिशवीचा गुरुत्वमध्य शरीराच्या मध्यरेषेपासून २५ सेंटिमीटर मागे आहे असे धरा. तरफेच्या नियमानुसार १५ × २५ = ५० × क्ष; यावरून क्ष = ७.५ सेंटिमीटर. म्हणजे शरीराचा गुरुत्वमध्य तुम्हाला दिवसभर साडेसात सेंटिमीटर पुढे धरून चालावे लागेल. ८ किलोंची पिशवी पाठीला घट्ट चिकटवून हे अंतर १२ सेंटिमीटर केले, तर क्षची किंमत दोन सेंटिमीटरांहूनही कमी येते. म्हणून जड वस्तू पिशवीत पाठीच्या बाजूला ठेवाव्यात. बाहेरून लोंबणारी भांडी आणि वळकट्या तर टाळाव्यातच. अरुंद वाटेवर अशी वस्तू कातळाला घासली, तर माणूस दरीकडे ढकलला जातो.

पट्ट्यांकडेही लक्ष द्या. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. दोन सेंटिमीटर रुंदीचा पट्टा सहा सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्याच्या तिप्पट दाब देतो आणि खांद्यात रुततो. पिशवीला कमरपट्टा असेल, तर बराचसा भार खांद्यांवरून कमरेच्या हाडांवर जातो आणि तेथून सरळ पायांवर.

पायांतले वजन

पाठीवरचे वजन चालताना थोडेफार वरखाली होत असले, तरी साधारण एकाच वेगाने पुढे जाते. बुटांचे तसे नाही. प्रत्येक पावलाला बूट जमिनीवर स्थिर होतो, पुन्हा उचलला जातो, शरीराहून अधिक वेगाने पुढे फेकला जातो आणि पुन्हा थांबतो. दर वेळी त्याला गतिज ऊर्जा द्यायची आणि काढून घ्यायची. म्हणून पायांतल्या एका किलोसाठी पाठीवरच्या एका किलोच्या चार ते सहा पट ऊर्जा खर्च होते, असे प्रयोगांत आढळले आहे. बुटांच्या जोडीत ८०० ग्रॅम वाचवले, तर पाठीवरचे तीनचार किलो उतरवल्यासारखेच आहे. सह्याद्रीत भटकणाऱ्यांत कॅनव्हासचे हलके ‘हंटर’ बूट लोकप्रिय झाले, त्यामागे स्वस्ताईबरोबर हेही कारण असावे. मात्र तळवा कातळावर घट्ट पकड घेणारा हवा. घसरणारा हलका बूट काय कामाचा?

हवा पांघरा, पाणी नको

थंडीसाठी जाड, जड घोंगडीच हवी, ही समजूत तपासून पाहू. आपल्याला ऊब देते ती लोकर किंवा पिसे नव्हे, तर त्यांच्यात अडकून पडलेली हवा. स्थिर हवेची उष्णतावाहकता ०.०२५ एककांच्या आसपास आहे. पाण्याची सुमारे ०.६, म्हणजे चोवीस पट. यावरून तीन नियम निघतात.

पहिला : एका जाड कपड्याऐवजी दोनतीन पातळ कपडे एकावर एक घाला. त्यांच्यामध्ये हवेचे थर राहतात आणि चढणीवर उकडू लागले की एखादा उतरवता येतो.

दुसरा : अंगाखाली पसरायला काहीतरी घ्याच. झोपण्याच्या थैलीचा खालचा भाग शरीराच्या वजनाने दबतो, त्यातली हवा निघून जाते आणि शरीराची उष्णता थेट जमिनीत जाऊ लागते. फोमची पातळ चटई दोनतीनशे ग्रॅमच भरते, पण तिच्यातील हवा बंद पुटकुळ्यांत असल्याने दबून बाहेर पडत नाही.

तिसरा : सुती कपडे, विशेषतः जीनची विजार, पावसाळी भ्रमंतीत नेऊ नका. सुती धागा स्वतःच्या वजनाहूनही अधिक पाणी धरून ठेवू शकतो. भिजल्यावर तो जड होतो, हवेची जागा पाणी घेते, आणि वाऱ्यात त्या पाण्याचे बाष्पीभवन होताना अंगातली उष्णता खेचली जाते. शरीराचे तापमान ३५ अंश सेल्सियसच्या खाली गेले, की जीव धोक्यात येतो. असे होण्यासाठी बर्फच पडावे लागते असे नाही. धुवाधार पाऊस, वारा आणि थकवा एवढे एकत्र आले तरी पुरते. १९३५ साली शोध लागलेल्या नायलॉनसारखे कृत्रिम धागे पाणी फार कमी शोषतात आणि लवकर वाळतात. कोरड्या कपड्यांचा एक जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावा, तो रात्रीसाठीच.

भांडी, अन्न आणि पाणी

पोलादाची घनता पाण्याच्या ७.९ पट, टायटॅनियमची ४.५ पट, तर ॲल्युमिनियमची २.७ पट आहे. तेव्हा सारख्याच आकाराचे व जाडीचे ॲल्युमिनियमचे पातेले पोलादी पातेल्याच्या सुमारे एकतृतीयांश भरते, शिवाय ते उष्णताही अधिक चांगली वाहून नेते. टायटॅनियम फार मजबूत असल्याने त्याचा पत्रा अगदी पातळ ठेवता येतो, पण तो महाग पडतो. शीतपेयाची एक लिटरची रिकामी प्लॅस्टिक बाटली तीसचाळीस ग्रॅमच असते. पोलादी बाटली तिच्या कितीतरी पट भरते.

अन्न निवडताना एका ग्रॅममागे किती ऊर्जा मिळते, ते पाहावे. स्निग्ध पदार्थांतून ग्रॅममागे ९ किलोकॅलरी मिळतात, पिष्टमय पदार्थांतून आणि प्रथिनांतून ४. बटाट्यात सुमारे ऐंशी टक्के पाणीच असते, म्हणजे पाच किलो बटाटे वाहणारा चार किलो पाणी वाहत असतो. याउलट पोहे, शेंगदाणे, तीळ, गूळ, चिक्की यांच्यात पाणी फार थोडे. आपल्या आज्यापणज्या लांबच्या प्रवासाला दशम्या आणि चटणी बांधून देत. त्यात टिकाऊपणा जसा होता, तसा हाही हिशोब होता.

पाणी मात्र हलके करता येत नाही. एक लिटर म्हणजे एक किलो, यात सवलत नाही. वर सांगितलेल्या ६०० मीटरांच्या चढात ६५ किलो वर नेताना शरीरात सुमारे साडेअकरा लाख ज्यूल उष्णता निर्माण होते. ती सगळी घामाच्या बाष्पीभवनाने घालवायची, तर जवळजवळ अर्धा लिटर घाम लागेल. प्रत्यक्षात बराचसा घाम न वाळता निथळून जातो, म्हणून गरज त्याहूनही जास्त. तेव्हा वजन वाचवण्यासाठी पाणी कमी नेणे हा शुद्ध वेडेपणा होय. वाटेवरची टाकी, झरे आणि विहिरी कोठे आहेत, त्यांना त्या महिन्यात पाणी असते का, याची गावकऱ्यांकडे आधी चौकशी करावी. ही माहिती असेल, तर एका पाणवठ्यापासून दुसऱ्यापर्यंत पुरेल एवढे अधिक थोडे राखीव, इतकेच पाणी न्यावे लागते. माहितीला वजन नसते!

नर्मदेची परिक्रमा करणारे लोक दोन्ही काठ मिळून अडीच हजारांहून अधिक किलोमीटर चालतात, आणि त्यांच्याजवळ एक झोळी, पांघरूण व पाण्याचे भांडे याखेरीज फारसे काही नसते. हे त्यांना साधते, कारण वाटेवरची गावे त्यांना अन्न आणि निवारा देतात. निर्जन रानात मात्र ते सोबतच न्यावे लागते.

किती हलके?

अमेरिकेत १९५५ साली एमा गेटवूड नावाच्या ६७ वर्षांच्या आजीबाईंनी ॲपलाचियन पर्वतरांगेतील सुमारे ३,३०० किलोमीटरांची पायवाट एकटीने पाचएक महिन्यांत पार केली. त्यांच्याजवळ तंबू नव्हता. घरी शिवलेली एक थैली खांद्यावर, पायांत कॅनव्हासचे बूट आणि पावसासाठी न्हाणीघराचा प्लॅस्टिकचा पडदा. पण याच बाईंनी आदल्या वर्षीही प्रयत्न केला होता. तेव्हा त्या वाट चुकल्या, चष्मा फुटला आणि त्यांना परतावे लागले. हलकी पिशवी वाट दाखवत नाही, हेही या हकिगतीतून समजते.

म्हणून काही वस्तू वजनाच्या हिशोबातून वगळाव्यात : विजेरी व तिचे जादा सेल, शिट्टी, प्रथमोपचाराची पेटी, स्वतःची औषधे, नकाशा आणि कोरडे कपडे. या सर्वांचे मिळून वजन दोन किलोंच्या आतच बसते. काटछाट करायची ती उरलेल्या वस्तूंत. पाच जणांत पाच पातेली नकोत. एक मोठे पुरते. गोलाकार भांड्याचे आकारमान आठपट झाले, तर त्याचा पृष्ठभाग चौपटच होतो. म्हणजे तेवढीच जागा लहान लहान भांड्यांनी भरायची, तर दुप्पट पत्रा वाहावा लागतो.

शिक्षकांनी सहलीआधी एक तास यासाठी द्यावा. वर्गात ताणकाटा टांगून प्रत्येक वस्तू तोलावी आणि वजनासह वहीत लिहावी. सुती व नायलॉनचे सारख्या वजनाचे दोन तुकडे भिजवून, पिळून पुन्हा तोलावेत आणि वाळायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून पाहावे. परत आल्यावर तीच यादी पुढे घेऊन न वापरलेल्या वस्तूंवर खूण करावी. सुरक्षिततेच्या वस्तूंना हात न लावता, खूण झालेल्या बाकीच्या वस्तूंच्या वजनांची बेरीज करा. पुढच्या खेपेला तेवढे वजन घरी ठेवता येईल.