फ्लायव्हील हलके करायचे म्हणजे नेमके काय करायचे?

मागच्या व्याख्यानानंतर एका तरुणाने आम्हाला जिन्यातच गाठले. "सर, गाडीचं फ्लायव्हील लेथवर मारून हलकं करून घेऊ का? पिकअप वाढतो म्हणतात." तत्त्वज्ञानाच्या मास्तराला हे का विचारावे, ते तोच जाणे. पण वैशेषिकांनी 'वेग' हा संस्काराचाच एक प्रकार मानला, तेव्हा आमचा अगदीच संबंध नाही असेही नाही.

भिवंडीकरांना हे चाक नवीन नाही. आपल्या साध्या यंत्रमागाच्या क्रँकवर असे जड चाक असते. मोटर एकसारखी फिरते. पण धोटा फेकताना, फणी आपटताना क्षणभर जादा जोर लागतो, तो हे चाक पुरवते. गाडीत नेमके उलटे. तिथे जोरच तुटक येतो, चार सिलिंडरच्या इंजिनात दर अर्ध्या फेऱ्याला एक धक्का, आणि मधली खोट चाक भरून काढते.

मग हलके का करतात? तर वेग घेताना इंजिनाला या चाकालाही पळवावे लागते. पण फायदा किती, ते गियरवर ठरते. समजा, गाडीच्या चाकाच्या एका फेऱ्याला पहिल्या गियरमध्ये इंजिन 14 फेरे घेते आणि टॉपमध्ये 4. हिशेब वर्गाचा आहे: 196 आणि 16. म्हणजे टॉपमध्ये फरक जेमतेम बारावा हिस्सा. शर्यतीत ठीक आहे हो! आम्ही विचारले, गाडी कुठे चालवतोस? म्हणाला, अंजूरफाटा ते कल्याण नाका. त्या गर्दीत हाफ क्लचवर गाडी बंद पडणार, उभ्या गाडीत इंजिन थरथरणार. कसारा घाटात भरल्या गाडीने चढावर सुटतानाही तेच. आमचे मत विचाराल तर, नको.

तरीही करायचेच असेल, तर धातू काठाकडचा काढावा. तोच एक किलो दुप्पट अंतरावर चौपट मोजला जातो. मात्र स्टार्टरची दातेरी रिंग आणि क्लच बसतो ती बाजू यांच्याशी खेळ नको. बीडाचे चाक फार पातळ केले, तर तडा जातो. भर वेगात फुटले, तर तुकडे थेट पायांपर्यंत येऊ शकतात.

आणि बॅलन्सिंग टाळायचे नाही. मध्यापासून 12 सेंटिमीटरवर नुसते 10 ग्रॅम जास्त राहिले, तर 3000 फेऱ्यांना सुमारे 12 किलोची ओढ बसते. 6000 ला 48 किलोची! ती दर फेऱ्याला दिशा बदलत बेअरिंग खाते. म्हणून मशीनवर जड बाजू शोधून तिथे ड्रिलने थोडा धातू काढतात. काही इंजिनांच्या चाकात मुद्दाम असमतोल ठेवलेला असतो, तिथे जुन्या चाकाशीच जुळवावे लागते. प्रेशर प्लेट बसवूनच बॅलन्स करा, दोन्हींवर पंचने खूण मारा, आणि परत जोडताना खुणेला खूण लावा.