फळ्यावरच्या चार ओळी

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. नांदेडच्या आमच्या वस्तीत महापरिनिर्वाण दिनाचा कापडी फलक आम्ही स्वतः रंगविला आणि विहारासमोर लावला. कार्यक्रमाला आलेल्या एका निवृत्त गुरुजींनी आम्हांला बाजूला घेतले. हळू आवाजात म्हणाले, "अहो, दिन म्हणजे दिवस. तुम्ही दीन लिहिलंय. दीन म्हणजे केविलवाणा."

आम्ही बी.कॉम. झालेलो, कचेरीत रोज कागद काळे करणारे! मान खाली गेली. ज्या महामानवाने आपले दीनपण घालविले, त्याच्याच दिवसावर आम्ही ते एका वेलांटीने लिहून ठेवले होते.

त्याच आठवड्यात विहाराच्या भिंतीवर एक जुना फळा टांगला. सायंकाळच्या वंदनेनंतर त्यावर रोज चार ओळी लिहायच्या असे ठरले: एक शब्द, एक व्याकरणाचा नियम, इतिहासातली एक तारीख आणि एक सामान्य ज्ञानाची गोष्ट.

पहिला शब्द अर्थातच 'दिन'. गरीब, वकील, जमीन या शब्दांत शेवटून दुसरे अक्षर दीर्घ असते. मग 'दिन' ऱ्हस्व का? कारण तो संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, म्हणजे तत्सम शब्द आहे. तत्सम शब्दाचे शेवटून दुसरे अक्षर मूळची वेलांटी सोडत नाही. म्हणूनच 'पंचशील' दीर्घ लिहावे. शील म्हणजे सदाचार. शिला म्हणजे दगड. गरीब, वकील यांना मात्र प्रत्यय लागला की वेलांटी बदलते: गरिबाला, वकिलाने, जमिनीत.

एके दिवशी फळ्यावर पाली शब्द लिहिले. हत्थ म्हणजे हात, कम्म म्हणजे काम, सत्त म्हणजे सात, अट्ठ म्हणजे आठ, दुद्ध म्हणजे दूध. पंचशीलातला 'सिक्खा' शब्द आणि आपले 'शिकणे' हेही एकाच कुळातले. मराठी थेट पालीतून आली नाही, ती महाराष्ट्री प्राकृतातून आली. पण पाली आणि प्राकृत एकाच घराण्यातल्या. जोडाक्षर सुटले, आधीचा स्वर लांबला आणि मराठी शब्द तयार झाला. शाळेचे तोंड न पाहिलेली एक आजी हे ऐकून म्हणाली, "मंग ह्ये तर आपलंच बोलणं हाय की भाऊ!" त्या दिवसापासून ती नातीला फळा मोठ्याने वाचायला लावते.

इतिहासाच्या ओळीत आपल्या भागाच्या तारखा आल्या. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला. त्या राजवटीत कारभाराची भाषा उर्दू होती. अर्ज, तारीख, वकील हे मूळचे अरबी शब्द आजही आपल्या तोंडी आहेत. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरची धम्मदीक्षा झाली आणि पुढे १८ दिवसांनी, १ नोव्हेंबरला, मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. लातूर जिल्हा १६ ऑगस्ट १९८२ ला उस्मानाबादमधून, म्हणजे आजच्या धाराशिवमधून, वेगळा झाला.

सामान्य ज्ञानात प्रश्न होता: बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, काढलेल्या महाविद्यालयाला 'मिलिंद' हे नाव का? राजा मिलिंदाने प्रश्न विचारले आणि भिक्खू नागसेनांनी उत्तरे दिली. त्या संवादाचा ग्रंथ म्हणजे 'मिलिंदपञ्ह'. विचारणाऱ्याचे नाव महाविद्यालयाला आणि उत्तर देणाऱ्याचे नाव परिसराला, नागसेनवन! प्रश्न विचारण्यात लाज नाही, हे मुलांना याहून चांगले कसे सांगावे?

आता कोणी म्हणेल, याने पोट भरते का? तर ऐका. पोलीस शिपाई भरतीच्या १०० गुणांच्या लेखी परीक्षेत मराठी व्याकरण आणि सामान्य ज्ञान असते. तलाठ्याच्या परीक्षेतही मराठी आणि सामान्य ज्ञान असतेच. लातूर शिकवणी वर्गांसाठी महाराष्ट्रभर प्रसिद्ध आहे, पण हमाली करणाऱ्या बापाला तिथली फी कोठून परवडणार? लातूरला दिलेल्या आमच्या बहिणीने स्वयंपाकघराच्या दारावरच खडूने लिहायला सुरुवात केली. रोज चार गोष्टी धरल्या, तर ३०० दिवसांत १२०० होतात. खर्च काय तो खडूचा.

आमच्या फळ्याचा एक नियम आहे: शब्दकोशात किंवा पाठ्यपुस्तकात पाहिल्याशिवाय ओळ लिहायची नाही. चूक सापडली, तर सांगणाऱ्याने सर्वांसमोर सांगायची आणि लिहिणाऱ्याने आभार मानून पुसायची. आमच्याही दोन-तीन ओळी पोरांनी पुसायला लावल्या. पहिल्यासारखी मान खाली गेली नाही. उलट बरे वाटले.

बंधू-भगिनींनो, आज सायंकाळी आपल्या दारावर एक ओळ लिहा. पहिला शब्द 'दिन' लिहिलात तरी चालेल. फक्त वेलांटी जपा!

जयभीम.